किलमोराच्या फाटकाशी

१

रोज सकाळी नऊ वाजता दोलीना मॅकॅस्किल हेक्टरला उभं करायची. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं हे तिचं काम; हेक्टरकडे सहा वर्षं हा नेम चालू होता. आधी त्याचे पाय पलंगावरून खाली सोडायचे, मग त्याच्या काखेत हात घालायचे आणि म्हणायचं, "एक, दोन, चला वर." हेक्टर एक्याण्णव वर्षांचा होता. उभा राहिला की त्याचे गुडघे नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखे लटपटायचे. पलंगापासून खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत सात पावलं होती, आणि त्या सात पावलांत दोघांनाही धाप लागायची.

मग ती किटली ठेवायची, ओटची लापशी ढवळायची, चुलीत पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, दोन विटा सरकवायची. बाकी घरात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, आणि खिडकीच्या फटीतून येणारा वारा.

हेक्टरचं घर अर्नव्हिक गावाच्या भूशिरावरचं शेवटचं. त्याच्यापुढे फक्त किलमोरा, म्हणजे छप्पर नसलेलं चर्च, त्याभोवतीची जुनी कबरस्तानाची भिंत आणि लोखंडी फाटक. त्याच्यापुढे कडा आणि समुद्र. चारशे वर्षांपूर्वी शेजारच्या बेटावरच्या शत्रूंनी प्रार्थनेच्या वेळी बाहेरून दार लावून ते चर्च पेटवलं होतं, आतल्या माणसांसकट. उन्हाळ्यात प्रवासी ते बघायला यायचे, फाटकाशी गाड्या उभ्या करून फोटो काढायचे. हेक्टर खुर्चीतून त्यांना बघत बसायचा. त्याच्या दिवसाची करमणूक तेवढीच.

जूनमधला तो सोमवार होता. दोलीनानं त्याच्या हातात कप दिला, मांडीवर रुमाल पसरला. त्यानं एक घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघत, सहज, हवापाण्याचं बोलावं तसं विचारलं,

"फिनलेला बूट का नाही घातलेस गं?"

फिनले दोलीनाचा नवरा. नोव्हेंबरात मेंढ्यांच्या वाड्यात कोसळला आणि पुन्हा उठला नाही. त्याला किलमोरातच पुरलं होतं.

दोलीना लापशी ढवळत राहिली. चमचा भांड्याच्या तळाला लागत होता, तो आवाज तिला फार मोठा वाटला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं," हेक्टर म्हणाला. "पाय ओले होतात त्याचे."

२

ही गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती. ती आणि पोर्ट या बंदराच्या गावाहून आलेला शवपेटीवाला. फिनलेचे पाय सुजले होते, बूट चढेनात. शवपेटीवाला म्हणाला होता, मागून चिरून घालता येतील. पण ते बूट चांगले होते, कातडी, दोनच हिवाळे वापरलेले. दोलीना म्हणाली होती, "राहू दे. कोण बघणार आहे?" मग तिनं स्वतः विणलेले करडे मोजे तेवढे त्याच्या पायांत घातले होते.

शवपेटीवाला कबरी खणणाऱ्या मर्डोला बोलला असेल, तिनं स्वतःला समजावलं. मर्डो बोलभांड. तो हेक्टरकडे बसायला जातो. झालं. म्हाताऱ्या डोक्यात ऐकलेलं आणि पाहिलेलं एक होऊन जातं. अशी किती माणसं तिनं सांभाळली होती. एक बाई तर बत्तीस वर्षांपूर्वी मेलेल्या बहिणीला रोज रागवायची.

तरी घरी जायच्या आधी तिनं गाडी पुढे फाटकापर्यंत नेली.

फाटक नेहमीसारखं अर्धवट उघडं होतं. आत डाव्या हाताला, भिंतीला लागून, गवत गुडघाभर वाढलं होतं. फक्त एका जागी नव्हतं. तिथे दोन डाग होते, शेजारी शेजारी, प्रत्येकी वीतभर लांब. नुसती काळी, घट्ट दाबलेली माती. डागांची टोकं रस्त्याकडे होती.

मर्डो मॅकफी कबरस्तानातलं गवतही कापायचा. तो खाली धक्क्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. तिनं त्याला गाठलं.

"मर्डो, फाटकाशी मेंढ्या बसतात का रे?"

"किलमोरात मेंढ्या जात नाहीत हल्ली," तो म्हणाला. मान वर केली नाही.

"मग तिथलं गवत कोण तुडवतं?"

मर्डोनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "तिथे मला कापावं लागत नाही. बरंच आहे की."

"आणि फिनलेच्या बुटांचं हेक्टरला तू सांगितलंस?"

आता त्यानं वर बघितलं. "कसल्या बुटांचं?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. खोटं बोलताना मर्डोचे कान लाल होतात, हे अख्ख्या अर्नव्हिकला ठाऊक होतं. कान पांढरे होते.

३

तीन दिवस दोलीना फाटकाकडे न जाता सरळ घरी गेली. चौथ्या दिवशी पाऊस होता. तिनं फाटकाशी जाऊन गाडीचं इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि बसून राहिली.

आधी फक्त वारा, पाऊस. मग भिंतीआडून एक दबका आवाज. धप. धप. थोडं थांबून पुन्हा धप, धप.

फिनलेला एका जागी उभं राहणं कधी जमलं नाही. बसची वाट बघताना, बाजारात मेंढ्यांच्या लिलावात, तिच्यासाठी दुकानाबाहेर थांबताना तो एकेक पाय आपटत राहायचा. चाळीस वर्षं ती त्याला म्हणत आली होती, काय रे घोड्यासारखं चालवलंय.

समुद्राच्या लाटा कड्याखालच्या गुहेत शिरतात, त्यांचा असाच आवाज होतो, तिनं विचार केला. भरती आहे. पण मग घड्याळ पाहिलं, तर ओहोटी होती.

ती खाली उतरली, फाटकापर्यंत गेली. आवाज थांबला. गवत, भिंत, पाऊस. दुसरं काही नव्हतं.

"फिनले?" ती म्हणाली. आपण बोललो याची तिला लाज वाटली.

संध्याकाळी तिनं कपाटातून बूट काढले. मागची शिवण तिनं सुरीनं चिरली, अगदी टाचेपर्यंत, म्हणजे सुजलेला पाय आत जाईल. उत्तरेकडचा जून महिना, रात्रीचे दहा वाजले तरी लख्ख उजेड. कोणी बघेल या भीतीनं ती बूट कोटाखाली धरून गेली आणि ते दोन डागांच्या पुढे ठेवून आली.

सकाळी बूट फाटकाबाहेर होते, रस्त्याच्या कडेला, शेजारी शेजारी लावलेले. आत पाणी साचलं होतं.

प्रवाशांपैकी कोणी काढून ठेवले असतील, ती म्हणाली. कबरस्तानात बूट कसे, म्हणून. असं तिनं दोनदा मोठ्यानं म्हटलं.

४

"देता येत नाही काही," हेक्टर म्हणाला. त्यानं खिडकीतून सगळं पाहिलं होतं. "मी सांगणार होतो तुला, पण तू एवढ्या हौसेनं घेऊन आलीस."

दोलीना त्याच्या पायांना तेल लावत होती. पायांची हाडं कातडीखाली पक्ष्याच्या पायांसारखी लागायची.

"मला का नाही दिसत तो?"

"माझी पाळी जवळ आली म्हणून मला दिसत असेल. खात्रीनं कोण सांगणार? हिवाळाभर मला वाटलं, मेंढी आहे. मार्चमध्ये धुकं गेलं, तेव्हा ओळखलं." त्यानं दुसरा पाय तिच्यापुढे केला. "तुझ्या आईनं तुला सांगितलं नव्हतं का? शेवटी आलेला फाटकाशी उभा राहतो. पुढचा आला की सुटतो."

"लहान मुलांना भीती घालायला सांगायचे ते."

"हो. मलाही तसंच सांगितलं होतं." तो हसला, मग खोकला. "जळून गेले ते बरे. सगळे एकदम. शेवटचा कोण, हा वादच नाही."

दोलीनानं त्याचे मोजे वर ओढले.

"आता हिशेब बघ," हेक्टर म्हणाला. "किलमोरात नवीन जागा देत नाहीत. जुन्या घराण्यांच्या कबरी तेवढ्या. त्यातलं इथे राहिलंय कोण? मी आणि तू. बाकीचे ग्लासगोला जळतात नाहीतर कॅनडात पुरले जातात. फिनलेला मी सोडवणार, मला तू. तू आत्ता एकसष्ट. धडधाकट बाई. मी तिथे उभा राहणार, दोलीना. या पायांवर. किती वर्षं?"

घड्याळाची टिकटिक चालू होती.

"आणि तुझ्यानंतर तर कोणीच नाही," तो हळूच म्हणाला. "तुझं कसं होणार, ते माझ्याच्यानं बघवत नाही. म्हणून म्हणतो, दोघंही तिकडे नको जाऊ या. मला पोर्टच्या नव्या दफनभूमीत पुरा. तिथे गर्दी असते, आठवड्याला दोन-दोन येतात. उभं राहावं लागलंच तर चार दिवस. चार दिवस मी काढीन."

"उनाला सांगा ना मग." उना त्याची पुतणी, ग्लासगोला शाळेत शिकवायची. तिच्याशिवाय त्याचं कोणी नव्हतं.

"सांगितलं फोनवर. म्हणाली, काका, असलं अभद्र बोलू नका, शंभरी गाठायचीय. फोन ठेवला. तू सांग. तुझं ऐकेल ती. वचन दे मला."

दोलीनानं खिडकीबाहेर पाहिलं. भिंत, फाटक, उन्हात चमकणारं ओलं गवत. तिथे फिनले उभा होता, मोज्यांवर, आणि तो तिलाच दिसत नव्हता.

"पोर्टला पुरलं तुम्हाला," ती म्हणाली, "तर फिनलेचं काय?"

हेक्टर आपल्या मोज्यांकडे बघत म्हणाला, "ते मला माहीत आहे, पोरी. तरी मागतोय."

तिनं मान डोलावली.

५

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती गेली, तेव्हा हेक्टर उठवण्यापलीकडे गेला होता. चेहरा खिडकीकडे होता. तिनं त्याचे डोळे मिटले, हात छातीवर ठेवले आणि चूल पेटवली. का पेटवली, ते तिलाही सांगता आलं नसतं. घर थंड होतं.

दुपारी उना आली. पन्नाशीची, केस ओले, बोटीवर रडून डोळे सुजलेले. दोलीनानं तिला चहा दिला. उना खुर्चीत बसली, त्याच खुर्चीत, आणि कप दोन्ही हातांत धरून म्हणाली,

"किती केलंत तुम्ही त्यांचं. मी वर्षातून एकदा यायचे, तेही धावतपळत." तिनं नाक पुसलं. "पाद्रीबाबा विचारत होते, कुठे पुरायचं. काका मला फोनवर काहीतरी म्हणाले होते एकदा, पण मी ऐकूनच घेतलं नाही. तुम्हाला काही बोलले होते का?"

दोलीना सिंकपाशी उभी होती. काच उघडी होती. बाहेर वारा पडला होता, आणि वारा नसला की अर्नव्हिकला फार लांबचं ऐकू येतं. धप. धप. थकलेला, अंतराअंतरानं येणारा आवाज. नोव्हेंबरपासून तो तिथे होता.

तिनं मनात वाक्य जुळवलं. पोर्टला पुरा म्हणाले होते. एवढं सोपं वाक्य. तोंड उघडलं.

"इथेच," ती म्हणाली. "किलमोरात. आपल्या माणसांत."

उनानं उठून तिला मिठी मारली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

६

अर्नव्हिकच्या जुन्या रीतीप्रमाणे बायका कबरीपर्यंत जात नाहीत. आता ती रीत कोणी पाळत नाही, उनाही आत गेली. दोलीना रस्त्यावरच थांबली. कोणी काही विचारलं नाही. जुन्या वळणाची बाई, म्हणाले असतील.

मर्डो आणि सात जण शवपेटी घेऊन आले. फाटक त्या दिवशी सताड उघडलं होतं, दोन माणसं आरामात जातील एवढं. पण आत शिरताना डाव्या बाजूचा पहिला माणूस किंचित तिरका झाला. खांदा आत घेतला, जसा आपण दारात उभ्या असलेल्या माणसाशेजारून जाताना घेतो. त्याच्या मागचाही तसाच तिरका झाला. त्याच्याही मागचा. मग पाद्री, मग उना, मग पोर्टहून आलेले लोक. सगळे गंभीर चेहऱ्यानं खाली बघत चालले होते. आपण काय करतोय, हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

दोलीनानं गाडीचा आरसा घट्ट धरला.

प्रार्थनेचे शब्द वाऱ्यानं तुटक येत होते. मग दोर सोडल्याचा आवाज. मग माती पडायला लागली.

मातीचं पहिलं फावडं पडलं आणि तिच्या अगदी जवळून, कोटाच्या बाहीला लागून काहीतरी गेलं. वारा असेल. ओल्या लोकरीचा वास होता त्याला. तो रस्त्यानं खाली, घराच्या दिशेनं गेला, आणि गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिचा ऊर हलका झाला होता. तिनं त्या रिकाम्या रस्त्याकडे बघून हातसुद्धा हलवला.

लोक परत निघाले. आता फाटकातून सगळे सरळ बाहेर येत होते. कोणी अंग चोरत नव्हतं. बघा, ती स्वतःशी म्हणाली, उगीच भीती.

सर्वांत शेवटी मर्डो आला, फावडं खांद्यावर घेऊन. फाटकापाशी त्याची पावलं मंदावली. आणि तो तिरका झाला.

७

घर आवरायचं काम उनानं तिच्यावरच सोपवलं. शनिवारी दुपारी ती गेली. अंथरूण गुंडाळलं, औषधाच्या बाटल्या पिशवीत भरल्या, घड्याळ थांबलं होतं ते तसंच राहू दिलं. ऊन खिडकीतून थेट जमिनीवर पडलं होतं, त्यात खुर्चीच्या पायांचे चार खड्डे स्पष्ट दिसत होते.

खिडकीकडे बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. दोन तास तिनं ते पाळलं. मग पडदे धुवायला काढायचे होते.

फाटकाशी प्रवाशांची एक गाडी उभी होती. एक तरुण जोडपं आत फिरत होतं. पोरगी कोरीव दगडाचे फोटो काढत होती. आणि त्यांच्यामागे, भिंतीला लागून, पांढऱ्या सदऱ्यात कोणीतरी होतं. दोन्ही हातांनी भिंतीचा वरचा दगड कवटाळलेला. मान खाली. त्याचे गुडघे लटपटत होते. एवढ्या लांबून माणसाचा चेहरा दिसत नाही, पण गुडघे तिला दिसले. ते गुडघे तिनं सहा वर्षं सावरले होते.

ती पळाली. पडदा हातातच राहिला. उतारावर दोनदा घसरली. फाटकाशी पोचली, तेव्हा जोडपं दचकून तिच्याकडे बघायला लागलं.

"काय झालं, मावशी?" पोरानं विचारलं.

भिंतीशी कोणी नव्हतं. दोलीनानं तिथे, रिकाम्या हवेत, काखेच्या उंचीवर हात पुढे केले. घट्ट पकडायची सवय होती त्या हातांना. तिनं बोटं मिटली. त्यांत काही आलं नाही.

"हेक्टर," ती म्हणाली, "मला माफ करा."

पोरगी पोराच्या कानात काहीतरी पुटपुटली. दोघं लगबगीनं निघून गेली.

दगडावरचं शेवाळ ओरबाडलेलं होतं.

८

ऑगस्टमध्ये दोलीना पोर्टच्या दवाखान्यात गेली. झोप नव्हती, जेवण जात नव्हतं, पायऱ्या चढताना छातीत धडधडायचं. डॉक्टरीणबाई तरुण होती, हसरी. तिनं रक्त घेतलं, छातीला तारा लावल्या, कागदाची लांब पट्टी निघाली ती वाचली.

"तुमची आई किती जगली?"

"शहाण्णव."

"वडील?"

"ब्याण्णव."

"मग बघा की. हृदय चाळिशीच्या बाईचं आहे तुमचं. हे सगळं दुःखानं होतंय, दोलीना. आधी नवरा, मग ते आजोबा. झोपेच्या गोळ्या देते थोड्या, आठवड्याच्या आठवड्याला घेऊन जायच्या. कोणा नातेवाइकांकडे जाऊन या. अजून पंचवीस-तीस वर्षं कुठे जात नाही तुम्ही."

दोलीना कोटाची बटणं लावत होती. "कमीत कमी किती?"

डॉक्टरीणबाई हसली. "लोक जास्तीत जास्त विचारतात हो." मग दोलीनाचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का.

येत होतं. रोज येत होतं. कड्यापर्यंत दोनदा जाऊनही आली होती. पण फाटकाशी उभं राहायला मग तीच असणार होती, आणि तिच्यामागून येणारं कोणी नव्हतं. कड्यावरून ती परत फिरली होती, दोन्ही वेळा, फक्त या भीतीनं. हेक्टरसाठी तिला एवढंही जमलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर ऊन होतं. समुद्र निळाशार, धुक्याचा मागमूस नाही. लपायला कुठे जागा नव्हती, तिला आणि कोणालाच. तिनं गाडी किलमोराच्या भिंतीला लागून उभी केली, खाली उतरली आणि बाहेरच्या बाजूनं भिंतीला टेकून गवतात बसली. दगड उन्हानं गरम झाले होते.

खोटं बोलावंसं वाटलं. एकदा बोलून झालं होतं.

"डॉक्टरकडे गेले होते," ती शेवटी म्हणाली. "तब्येत ठणठणीत आहे म्हणते."

भिंतीपलीकडे काहीतरी हललं. मग दगडाला घासत कोणीतरी खाली खाली सरकल्याचा आवाज आला, आणि सुस्कारा. दोलीना श्वास रोखून ऐकत राहिली. त्यानं बसावं, बसूनच राहावं, एवढंच ती मनात म्हणत होती.

थोड्या वेळानं पलीकडून पुन्हा नखांचा आवाज सुरू झाला. दगड धरून, धापा टाकत, त्याची उभं राहायची धडपड चालली होती.